पालघट कुठं गेली?

गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर वारली आली. कमिटीच्या बैठकीत विषय निघाला तो रंगकामाचा. रंगारी येतोच आहे तर रस्त्याकडच्या भिंतीवर 'ते वारली' काढून घेऊ, छान दिसतं, शिवाय चित्र असलं की कुणी थुंकत नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि ठराव पास झाला. बदलापूरच्या आमच्या हेंद्रेपाड्यात अशा भिंती आता बऱ्याच झाल्यात. दोन पोरं आली. पहिल्या दिवशी त्यांनी गेरूच्या छटेचा रंग मारला, दुसऱ्या दिवशी पांढरा काढला. एकाच्या हातात ब्रश, दुसऱ्याच्या हातात मोबाइल, मोबाइलवर नमुना. तीन तासांत तारपा या वाद्याभोवतीच्या नाचाचं वेटोळं, दोन झोपड्या, एक बैलगाडी, डोक्यावर हंडे घेतलेल्या तिघी आणि एक ताडाचं झाड तयार. सगळं झाल्यावर पोरानं खाली उजव्या कोपऱ्यात आपला मोबाइल नंबर टाकला आणि त्याखाली लिहिलं, 'सर्व प्रकारची पेंटिंग कामे'.

आमचा जिना झाडायला येणाऱ्या बाई मूळच्या मोखाड्याकडच्या. बादली खाली ठेवून त्या बराच वेळ भिंतीकडे बघत उभ्या होत्या. मग पोराला म्हणाल्या, "हे आमच्यातलं लग्नातलं हाय ना? मग यात देव कुठाय?"

"मावशी, डिझाइन आहे ते," पोरगा म्हणाला.

त्याचंही चुकलं नव्हतं. त्याच्या मोबाइलवर देव नव्हताच. पण प्रश्न माझ्या डोक्यात बसला, आणि तेव्हापासून मी या चित्रामागे मागे मागे जायला लागले. जिथून ते निघालं तिथं ते चित्रही नव्हतं. तो चौक होता.

आधी एक खुलासा करायला हवा. बदलापूरच्या आसपास, अंबरनाथ तालुक्यात, कर्जत-मुरबाडकडे जे आदिवासी पाडे आहेत ते मुख्यत्वे ठाकर आणि कातकरी समाजाचे. वारल्यांचा मुलूख वर उत्तरेला: डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा. म्हणजे आमच्या भिंतीवरची वारली इथली नाही, ती पाहुणी आहे, जसे आम्ही सगळेच पाहुणे. कुणी लालबागचं, कुणी साताऱ्याचं, कुणी जळगावचं. पाड्याचा पाडा राहिला तो फक्त नावात. बाकी सात मजली इमारती, दुचाकींच्या रांगा आणि पावसाळ्यात उल्हास नदी चढली की तळमजल्यांवरची धावपळ. तरी नाव टिकलं म्हणून बरं. डहाणूच्या गंजाड गावातला कळंबीपाडा आणि आमचा हेंद्रेपाडा यांच्यात निदान एक शेपूट तरी सारखं आहे.

आता चौक. रिक्षावाल्याला आपण 'चौकात सोड' म्हणतो, वाड्याच्या मधल्या मोकळ्या जागेला चौक म्हणतो, सणाला पाटाभोवती रांगोळीचा चौक भरतो. चारी बाजू बांधून घेतल्या की मधली जागा वेगळी होते, एवढीच त्यामागची कल्पना. वारल्यांच्या घरात लग्न निघालं की आतल्या भिंतीवर असाच चौक लिहितात. भिंत कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्या विणून त्यावर शेणमातीचा लेप. त्यावर गेरू. तांदूळ भिजवून पाट्यावर वाटायचे, पाण्यात पातळ करायचे. बांबूची काडी घ्यायची, तिचं एक टोक चावून चावून कुंचल्यासारखं मऊ करायचं. एवढंच सामान.

या सामानात एक गंमत आहे, आणि ती मला स्वतः करून बघेपर्यंत कळली नव्हती. मी एक दिवस मिक्सरमध्ये मूठभर तांदूळ वाटले (पाटा आता कुणाकडे आहे?) आणि गेरू लावलेल्या जुन्या कुंडीवर काडीनं रेघ ओढली. काहीच दिसेना. ओलं आहे तोवर तांदळाचं पाणी गेरूवर जवळजवळ अदृश्य असतं, नुसती ओल चमकते. दोन-तीन मिनिटांनी वाळायला लागलं की रेघ हळूहळू पांढरी होत वर येते. म्हणजे चौक लिहिणारी बाई काय काढतेय ते काढताना तिला पुरतं दिसत नसतं. हाताला माहीत असतं. मागची रेघ वाळून उमटते तेव्हा हात चार बोटं पुढे गेलेला असतो. आमच्या भिंतीवरच्या पांढऱ्या रंगात ही भानगड नाही. ब्रश टेकला की झालं.

चौक लिहायचा तो सवाशिणींनी. ज्यांचे नवरे हयात आहेत त्यांनीच. पुरुषांचा तिथं संबंध नाही. लग्न लावते तीही बाईच, धवलेरी. ती लग्नाची गाणी म्हणते आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. चौकाभोवती नक्षीच्या पट्ट्या एकावर एक येतात, साखळीसारख्या. आणि मधोमध उभी असते पालघट. झाडाझुडपांची, पिकाची, जन्माची देवी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून तिचं अंग झालेलं, हात पसरलेले. चौकाच्या आतबाहेर सूर्य, चंद्र, शिडी, फणी, झाडं, घोड्यावर बसलेले नवरा-नवरी. शेजारी दुसरा छोटा देवचौक. त्यात पंचशिऱ्या, मस्तक नसलेला देव, मानेच्या जागी पाच कोंब फुटलेले.

फणी घ्या. आपल्या घरात आरशापुढे पडलेली वस्तू, ती देवीशेजारी कशी गेली? पण नवरीचे केस विंचरणं हा लग्नातला एक क्षण आहे आणि तो घरातल्या बायकांच्या हातातला आहे. शिडीही तशीच, रोज लागणारी. चौकात चिन्हं आहेत ती सगळी घरातून आणि रानातून उचललेली. कुठल्या पोथीतून आलेली नाहीत. आपल्याकडे प्रतीक म्हटलं की लोक गंभीर होतात, अर्थ विचारायला लागतात. इथं अर्थ विचारायची गरज पडत नाही, कारण बघणाऱ्या प्रत्येकीच्या घरात फणी असतेच.

हे सगळं मंगल खरं, पण या मंगलाला एक काळी किनार आहे आणि माहितीपत्रकांत ती कधी छापत नाहीत. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या लग्नाला पैसा लागायचा आणि तो यायचा जमीनदार-सावकाराकडून. फेड म्हणून नवऱ्यानं, आणि त्याच्याबरोबर बायकोनं, त्या मालकाकडे राबायचं. किती वर्षं ते मालक ठरवणार. अशा माणसाला नावच होतं: लग्नगडी. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ही वेठ लिहून ठेवली आहे. पुस्तक १९७० चं, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण ज्या लढ्याची ती हकिगत आहे तो १९४५ चा. २३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठीला नाही म्हणाले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगडसह पाच जण गेले.

म्हणजे तोवरच्या कित्येक चौकांकडे असं बघावं लागतं: भिंतीवर समृद्धीची देवी, आणि ती लिहायला ज्या लग्नानं निमित्त दिलं त्याच लग्नापायी घर गहाण. नवरीनं हळद लागल्या अंगानं ज्या घरात पाऊल टाकलं त्या घरातून ती दुसऱ्या दिवसापासून मालकाच्या शेतावर. कित्येक जोडपी तर पैशाअभावी लग्नाशिवायच संसार करत आणि पुढे कधीतरी, पोरंबाळं झाल्यावर, लग्न लावून घेत. अजूनही पालघर भागात सामूहिक विवाह सोहळ्यांत अशी जोडपी बसतात. तिथं मोठा मांडव असतो, ध्वनिक्षेपक असतो, भांड्यांचा संच असतो. मांडवाला भिंत नसते.

किती जुना हा चौक? कुठल्याही हस्तकला प्रदर्शनात विचारा, विक्रेता ठोकून देतो: पाच हजार वर्षं. कुणी दहावं शतक म्हणतो, कुणी भीमबेटकाच्या गुहेतल्या त्रिकोणी माणसांशी नातं जुळवतो. मला या आकड्यांचा कंटाळा आहे. कुडाची भिंत काही वर्षांत ढासळते, चुलीच्या धुरानं काळी पडते, पुन्हा सारवतात. तांदळाचं पीठ मुंग्या खातात. जी गोष्ट पुसली जाण्यासाठीच काढलेली आहे तिचं वय कशावरून मोजणार? तिचं जतन होतं ते हातात. आईचा हात बघून मुलीचा, सासूचा बघून सुनेचा. शाळा नाही, गुरू नाही, वही नाही. स्वशिक्षित हा शब्द आपण एकेकट्या चित्रकारासाठी वापरतो. इथं बायकांची अख्खी साखळी स्वशिक्षित आहे आणि त्यातल्या एकीचंही नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

नाव आलं ते कागदाबरोबर.

१९६६-६७ चा बिहारचा दुष्काळ. हातमाग-हस्तकलेच्या सरकारी कामात मोठा अधिकार असलेल्या पुपुल जयकरांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मिथिलेत पाठवलं. तिथल्या बायका लग्नाच्या वेळी कोहबर घराच्या, म्हणजे नवरा-नवरीच्या खोलीच्या, भिंती रंगवत: कमळं, बांबू, मासे, नवरा-नवरी. कुलकर्ण्यांनी त्यांना कागद दिला. भिंतीवरचं कागदावर आलं तर विकता येईल, दुष्काळात चार पैसे मिळतील, असा साधा हिशेब. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी डहाणूकडे वळले. तिथंही लग्नाची भिंत, तिथंही बायका, तिथंही त्यांनी कागद दिला.

दोन्हीकडे माणूस तोच होता आणि हेतूही तोच. पण पुढचं बघा. मिथिलेत जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ साली, गंगा देवींना १९८४ साली. सगळ्या बायका, सगळ्यांची नावं. डहाणूकडे जे नाव पुढे आलं ते कळंबीपाड्याच्या जिव्या सोमा म्हसे यांचं. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ ला पॅरिसच्या 'मॅजिशियन द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. पद्मश्री २०११ ला. योगायोग असा की त्याच वर्षी, त्याच यादीत, मिथिलेच्या महासुंदरी देवी होत्या.

जिव्यांच्या मोठेपणाबद्दल शंका नाही. लहानपणी आई गेली, तेव्हा या पोराचं बोलणंच बंद पडलं आणि तो धुळीत बोटानं चित्रं काढून सांगायचा, असं त्यांच्याबद्दल सांगतात. त्यांनी काढलेलं मासेमारीचं जाळं एकदा बघावं. हजारो रेघा, एकेक गाठ, आणि कुठं हात थकल्याची खूण नाही. चौकाच्या आत बसलेली आकृती त्यांनी चौकाबाहेर काढली, तिला गोष्ट सांगायला लावली. पेरणी, शिकार, वारूळ, आगगाडी, काहीही. हे त्यांच्याआधी नव्हतं.

पण मिथिलेत बाई आणि डहाणूत पुरुष, हे का झालं? मला वाटतं, कारण त्या दोन घरांच्या दारात आहे. मिथिलेच्या ज्या बायकांच्या हातात पहिला कागद पडला त्या बहुतेक ब्राह्मण-कायस्थ घरांतल्या, पडद्यातल्या. बाहेर जायचं नाही. मग घरात बसून होणारं काम त्यांच्या सोयीचं. वारली बाईला घरात बसायला वेळ कुठला? लावणी, लाकूडफाटा, पाणी, मजुरी. आणि दुसरं असं की चौकाला नियम होता. लग्न असेल तेव्हाच, सवाशिणींनीच, भिंतीवरच. लग्न नसताना सरकारी माणसानं दिलेल्या कागदावर पालघट काढायची कशाला? पुरुषाला तो नियम लागूच नव्हता, कारण त्याला चौक लिहायचा अधिकारच नव्हता. ज्याला देवी काढायची नाही त्याला नाच काढायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून कागदावर तारपा मोठा होत गेला आणि पालघट बाजूला सरली, असा माझा अंदाज आहे. आमच्या भिंतीपर्यंत पोचेस्तोवर ती पूर्ण गळली.

इथं मला अमेरिकेतली एक स्वशिक्षित बाई आठवते, जिचं नाव मात्र राहिलं. क्लेमेंटाइन हंटर. जन्म १८८६ च्या शेवटी किंवा १८८७ च्या सुरुवातीला. काळ्या मजुरांच्या पोरांची जन्मतारीख कोण नोंदवतो? लुईझियाना राज्यात मेलरोझ नावाचा कापसाचा मोठा मळा होता, तिथं तिनं शेतात कापूस वेचला, नंतर मालकिणीच्या स्वयंपाकघरात काम केलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. मळ्यावर पाहुणे म्हणून चित्रकार यायचे. एकीनं मागे टाकलेल्या रंगाच्या नळ्या हिच्या हाती लागल्या आणि खिडकीच्या जुन्या पडद्यावर हिनं पहिलं चित्र काढलं. वय पन्नाशीच्या पुढे. मग थांबलीच नाही. बाटल्या, पुठ्ठे, दुधाचे डबे, जे मिळेल त्यावर. कापूस वेचणाऱ्या बायका, नदीतला बाप्तिस्मा, लग्न, मयत, आणि झिनियाची फुलं. दूरचं लहान, जवळचं मोठं हा हिशेब तिच्याकडे नाही. कोण महत्त्वाचं त्यावर आकार ठरतो. वारल्यांच्या भिंतीवरही पालघट आसपासच्या माणसांपेक्षा मोठी असते ती याच न्यायानं.

सुरुवातीला बघायचे पंचवीस सेंट अशी तिच्या दाराशी पाटी होती. १९५५ साली तिथल्या कॉलेजात तिचं प्रदर्शन भरलं तेव्हा गोऱ्या प्रेक्षकांबरोबर आत जायची तिला मुभा नव्हती. गॅलरी बंद असताना मागच्या दारानं नेऊन तिला तिचीच चित्रं दाखवली. चित्रावर ती सही करायची ती अशी: उलटा 'सी' आणि त्याला चिकटलेला 'एच'. वाचता न येणाऱ्या हातानं स्वतःसाठी घडवलेलं चिन्ह, म्हणजे तोही एक चौकच. १ जानेवारी १९८८ ला, शंभरी ओलांडून ती गेली. मागून तिच्या नावाची बनावट चित्रं बाजारात आली, आणि २०११ साली एका नकलाकारानं न्यायालयात गुन्हा कबूल केला.

नकलेला शिक्षा झाली, कारण अस्सल कुणाचं ते ठाऊक होतं. चौकाच्या बाबतीत फिर्याद द्यायची तर कुणाच्या नावानं? २०१० च्या दिवाळीत शीतपेयाच्या जाहिरातीत वारली होती, आज ती चादरींवर आहे, कपबश्यांवर आहे, मोबाइलच्या कव्हरांवर आहे. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते आदिवासी तरुणांच्याच एका संस्थेच्या अर्जावर. ही मोठी गोष्ट झाली. पण मानांकन सांभाळतं ते 'वारली' हे नाव. जव्हारच्या कुठल्या घरात कुणी कसा चौक लिहिला, याची नोंद त्यात नाही आणि असायचं कारणही नाही. कागदावर आणि कापडावर काढून विकणाऱ्या वारली बायका आज आहेत, स्वतःची सही करून काढतात. त्यांची चित्रं मी प्रदर्शनात पाहिली आहेत. एकीला विचारलं, चौक काढता का? म्हणाली, काढते, पण विकायच्या चौकात देवी घालत नाही, झाड घालते.

हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट, अजून ठरवता आलेलं नाही. पालघट हरवली असं मी धरून चालले होते. पण काही जणींनी तिला मुद्दाम घरी ठेवलं असेल, बाजारात आणलंच नसेल, तर मग आमची भिंत रंगवणाऱ्या पोराच्या मोबाइलवर देव नसणं हे वेगळंच प्रकरण आहे.

मागच्या महिन्यात जिन्यातल्या बाई चार दिवस गावी गेल्या होत्या, दिराच्या मुलाचं लग्न. परत आल्यावर त्यांनी स्वतःहूनच मला थांबवलं. "ताई, तुम्ही त्या दिशी इचारत होता ना." फोनच्या काचेला आडवी चीर होती. फोटो अंधारात काढलेला, फ्लॅशच्या उजेडात गेरू भडक तांबडा दिसत होता. भिंत विटांची, सिमेंटचा गिलावा केलेली, त्यावर फक्त चौकापुरता गेरू. बाजूला विजेचा बोर्ड. नक्षीची पट्टी बोर्डाला वळसा घालून पुढे गेलेली. मधे पालघट, हात पसरून. तिच्या पायाशी फणी, दाते मोजता येतील इतकी नीट. चौकाची उजवी कड अजून ओली होती, कारण तिथं रेघा पूर्ण पांढऱ्या झालेल्या नव्हत्या, आणि त्या कडेला एक हात होता. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, बोटं पिठानं पांढरी. चेहरा फोटोच्या बाहेर राहिलेला.

"ही कोण?"

"जाव माझी. थोरली." मग फोटो दोन बोटांनी मोठा करून त्यांनी मला बोर्डाचा वळसा दाखवला. "इथं मी लिवलंय. ती म्हनली बोर्ड काढा, मी म्हनलं नको, जाऊ दे फिरवून."

तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी पाण्यासाठी हाक मारली. बाईंनी फोन कमरेच्या पिशवीत टाकला आणि बादली उचलली.